वाघूळ की बदक

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते केळफूल सोलायचं. मागच्या पायरीवर बसून, हाताला तेल चोपडून. तेल लावलं नाही तर चीक बसतो, बोटं काळी पडतात आणि धुऊन निघत नाहीत. ती वरची लाल पानं सोलायची, आतली फुलं काढायची आणि माझ्यापुढच्या ताटात टाकायची. प्रत्येक फुलात एक कडक काडी असते, आगपेटीतल्या काडीसारखी, गुलासकट. ती उपटायचं काम माझं. एखादी राहिली तर कितीही शिजवा, दाताखाली येतेच. मी केलेलं काम ती पुन्हा तपासायची नाही. घरातल्या ह्या एका कामात तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता.

"समोर राहते तिचं नाव सांगा बरं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"समोरच्या दारातली. रोज सडा टाकते आणि तुमच्या सायकलवर उडवते, ती."

"मला काय करायचंय तिच्या नावाशी?"

"सांगा तर."

"समोरची," मी म्हटलं.

ती हसली. "आणि कोपऱ्यावरचे?"

"कंडक्टर."

"ती त्यांची नोकरी झाली. नाव?"

मी काडी उपटली आणि बाजूला टाकली.

"धन्य हाय तुमची. सगळं आयुष्य ह्या गल्लीत गेलं. मी नसले तर तुम्ही वर कधी यायचे?"

तेवढ्यात ते आलं. हवेत कुणी फडकं झटकावं तसा आवाज, तेवढाच. दुसऱ्या केळीला फूल लोंबत होतं त्याला ते बिलगलं, डोकं आत घातलं, आणि काय झालं ते कळायच्या आत निघूनही गेलं. तिने तेलकट हात वर केला होता, मला गप्प बसवायला. मी तर गप्पच होतो. पण वाघूळ आलं की हात वर करायचा, ही तिची सवय.

"वर कधी यायचे" म्हणजे पाण्याच्या वर. हे कळायचं असेल तर तिचं सगळं खूळ सांगावं लागेल. पोरगी म्हणते, बाबा, आईबद्दल लिहा. मी म्हटलं, लिहितो, पण आई देवी होती वगैरे लिहिणार नाही. ती देवी नव्हती. भाजीत मीठ जास्त टाकायची आणि वर मलाच म्हणायची की तुमची जीभ गेली. मी सातवी शिकलेला माणूस. सातपूरला कारखान्यात लेथवर उभं राहून केस पांढरे केले. मला जसं बोलता येतं तसंच लिहिता येतं. बोलता तर येतच नाही, त्यामुळे लिहिणं किती चांगलं होईल ते तुम्हीच बघा.

तर खूळ असं. तिच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती. वाघूळ आणि बदक. 

वाघूळ म्हणजे आमच्या केळीवर यायचं ते, फुलातला रस पिणारं. वडावरची मोठी, झाडाला दिवसभर लटकणारी आणि कलकल करणारी वाघळं तिला चालायची नाहीत. आणि बदक म्हणजे बुडी मारणारंच. पाळलेलं पांढरं बदक तिच्या हिशेबात नव्हतं. "ते कोंबडीच्या जातीचं," म्हणायची.

तिचं माहेर निफाडच्या बाजूला, नांदूरमध्यमेश्वर धरणाच्या फुगवट्याला लागून. लहानपणी म्हशी घेऊन काठावर बसायची. थंडीत तिथे कुठून कुठून बदकं येतात. काही नुसती तरंगतात. काही शेपटी आभाळाकडे करून मान तेवढी पाण्यात घालतात. त्यांना ती पुढारी म्हणायची. "वरून वाटतं लय खोलात गेले. शेपटी तर बाहेरच हाय." आणि काही खरोखर बुडतात. लाल डोक्याचं एक बदक असतं, ते पाण्यावर दिसतं दिसतं आणि नाहीसं होतं. पाणी पुन्हा सपाट. पोर डोळे ताणून बघत बसायची की मेलं की काय. मग भलत्याच ठिकाणी ते वर यायचं, अंगावर पाण्याचा थेंब नाही, जणू काही झालंच नाही.

लग्न होऊन ती आमच्याकडे आली. घर लहान, पण मागे चार हात जागा. मोरीचं पाणी तिथे जायचं म्हणून मी केळी लावल्या होत्या. पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी किंचाळत आत आली. "केळीत कुणीतरी हाय! मला वारा घातला!" मी कंदील घेऊन बघितलं आणि सांगितलं, वाघूळ आहे, फुलातलं गोड प्यायला येतं. तेवढंच बोललो आणि जेवायला बसलो. ती मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन पायरीवर बसली. तिसऱ्या दिवशीही. मग कायमचीच.

ती काय काय बघायची! केळफुलाचं एकेक पान रोज दिवस मावळताना उचललं जातं आणि त्याखाली नवी फुलं उघडी पडतात, हे मला तिने दाखवलं. केळी मी लावलेल्या, पण मला ठाऊक नव्हतं. वाघूळ एका फुलाशी डोळा लवेस्तोवर थांबतं. पोटभर घेत नाही. घोटभर घेतं आणि पुढच्या केळीकडे जातं, पुन्हा फिरून येतं. तोंडाला पिवळी पूड लागलेली असते. मागच्या दाराचा बल्ब ती तिन्हीसांजेला लावू द्यायची नाही. मी अंधारात धडपडलो तर म्हणायची, "त्याच्या जेवणाची वेळ हाय, तुमची नाय." आणि दोन केळी व्याल्या तर एकाच फुलाची भाजी व्हायची. दुसरं त्याचं.

पुढे पुढे ती भेटेल त्या माणसाला ह्या दोनांत बसवायला लागली. मीटर बघायला येणारा वाघूळ. दवाखान्यातला डॉक्टर बदक, कारण नाडीवर बोट ठेवलं की कुठे जातो कळत नाही. माझी बहीण वाघूळ, पण पूड न नेणारी. हे तिचं सगळ्यात वाईट मत असायचं. गणपतीचं काय, असं मी एकदा चिडवायला विचारलं. ती म्हणाली, "ते दोन्ही. घरोघर जातात आणि शेवटाला बुडी मारतात. म्हणून तर देव." 

मी बदक. हे तिने लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. त्यात मला काही वाईट वाटलं नाही. मी कामावर जायचो, मशीनवर मान खाली घालायचो, घरी यायचो, जेवायचो, झोपायचो. कोणाच्या घरी जाऊन बसायचं म्हणजे काय करायचं हे मला कळायचं नाही. तिथे बसून काय बोलतात? ती मात्र कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये तीन घरं करून यायची. एकीची चटणी दुसरीला, दुसरीच्या सुनेचं दुखणं तिसरीला, तिसरीच्या ओळखीतला डॉक्टर पहिलीला. कढीपत्त्याची डहाळी घेऊन जायची आणि बातमी घेऊन यायची.

आम्ही ह्यावर भांडायचो. खरं भांडण, खोटं नाही. मी म्हणायचो, "वाघूळ म्हणजे फुकटं. लोकांच्या दारात जाऊन गोड खायचं. बदक बघ, स्वतःच्या दमावर तळाशी जातं आणि स्वतःचं खातं."

"फुकटं? त्याच्या तोंडाला काय लागतं ते बघितलं का? एकाचं नेऊन दुसऱ्याला देतं."

"देऊ दे. आपल्या केळीला त्याचा उपयोग काय? केळ्यात बी असतं का कधी? पूड मिळाली काय, न मिळाली काय, केळं यायचं ते येतंच."

मला वाटलं, आता सापडली. पोळी तव्यावर फुगली, उलटली, उतरवली. मग ती म्हणाली, "उपयोग नसताना देतं, ते तर खरं देणं."

मी पोळी खाल्ली.

पोरीचं लग्न जमवताना ह्या खुळाने आम्हाला चांगलंच अडचणीत आणलं. नांदगावचं स्थळ आलं होतं. मुलगा देखणा, दुकान चांगलं चालणारं, बोलायला गोड. पोह्यांची बशी हातात घेऊन सगळ्यांशी बोलला, अगदी माझ्याशीसुद्धा. सगळ्यांना पसंत. हिने त्याला पगाराचं, शेताचं काही विचारलं नाही. विचारलं काय, तर "तुमच्या शेजारी कोण कोण राहतं?" त्याने धडाधडा सगळ्यांची नावं सांगितली, कोणाला किती मुलं, कोण कुठे कामाला. ती खूश होऊन ऐकत होती. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "लय गोड पोरगा. आपल्याला द्यायची नाय."

माझा मेहुणा उठूनच उभा राहिला. "ताई, तुझं डोकं फिरलं का?"

"पोरगी वाघूळ, पोरगा बी वाघूळ. घराला कायम कुलूप. दूध उतू गेलं तर बंद कोण करणार?"

नंतर देवळ्याचं एक स्थळ आलं. कांद्याची शेती. मुलगा खाली मान घालून बसला. पोहे संपवले, पाणी प्यायला, बशी जागेवर ठेवली. हिने विचारलं, शेजारी कोण? तो विचारात पडला आणि म्हणाला, "आहेत." एवढंच. ती आत आली आणि पोरीला म्हणाली, "हा घे."

सगळे चिडले होते. पण पोरीने घेतला. परवापरवापर्यंत फोन आला की पोरगी म्हणायची, "आई, तुझं बदक सकाळपासून वर आलेलं नाही, कांदाचाळीत कांदे निवडतंय." आणि दोघी हसायच्या. जावई मला आवडतो. आम्ही दोघं ओट्यावर बसतो, तो त्याच्या बाजूला बघतो आणि मी माझ्या. छान वेळ जातो.

"एका घरात एक वाघूळ आणि एक बदक लागतंच," असं तिचं म्हणणं. दोन वाघळं असली तर घरात कुणी नसतं, आणि दोन बदकं असली तर घरात कुणी आहे हे कुणाला कळत नाही. मी विचारलं होतं, "मग एक मेलं तर?" ती म्हणाली, "वाघूळ एकटं राहिलं तर त्याला लय दारं असतात. मला बदकाचीच काळजी हाय."

ही काळजी तिला उगाच लागलेली नव्हती. तिची आई वारली तेव्हा ती माहेरी गेली आणि दिवस होईपर्यंत तिथेच राहिली. मी माती देऊन परत आलो होतो, कामावर खाडा नको म्हणून. पोरगी आईबरोबर. इकडे मला ताप भरला. असा भरला की पाय टेकवेना. कामावर गेलो नाही. पडून राहिलो. पलीकडच्या भिंतीतून टीव्ही ऐकू यायचा, माणसांच्या हसण्याचा आवाज यायचा. मी माठातलं पाणी प्यायचो आणि पुन्हा पडायचो. माठ संपला तेव्हा पडूनच राहिलो. ती आली तेव्हा मी कोण आलं ते ओळखलं नाही म्हणे.

दवाखान्यातून घरी आणल्यावर ती जी चिडली, तशी पुन्हा कधी चिडली नाही. "भिंतीवर थाप मारायची! पलीकडं माणसं राहतात, म्हशी नाय!"

"काय सांगायचं त्यांना?"

"ताप आलाय म्हणायचं! तीन शब्द बी नाय होत!"

मला खरंच सुचलं नव्हतं. मी काही हट्टाने गप्प नव्हतो. पोटात दुखलं तर पोट धरावं हे जसं आपोआप होतं, तसं लोकांना हाक मारणं आपोआप होतं. माझ्यात ते नाही. ती रागावून रडली. आणि त्यानंतर ती कुठे मुक्कामाला गेली नाही. माहेरची लग्नं झाली, वास्तुशांती झाल्या, पोरीचं पहिलं बाळंतपण झालं. सकाळच्या गाडीने जायची, संध्याकाळच्या गाडीने परत. लोक म्हणायचे, नवरा सोडत नाही. मी ऐकायचो. तीही ऐकायची आणि हसायची. कुणाला खरं सांगितलं नाही. मी लोकांच्या दारात जाणार नाही म्हणून ती माझ्या दारातून हलली नाही. हे मी आत्ता लिहितोय, पण ठाऊक मला तेव्हापासून होतं.

कोरोना येऊन गेला त्यानंतरची गोष्ट. गल्लीतल्या बायका आणि दोन पुरुष आमच्या दारात आले. पुढे समोरची. "काकू, तेवढ्या केळी तोडून टाका. वाघळांनी रोग येतो. टीव्हीवर दाखवलंय."

मी आत खिडकीशी होतो. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. ती म्हणाली, "खरंय तुमचं. उष्टं केळं खाऊ नये, पोरांनाबी देऊ नये. आम्ही बी खात नाय. खाली पडलेलं मी फावड्यानं उचलते आणि पुरून टाकते. तोडायच्या तर तोडू. पण कुणाला घालवताय ते एकदा बघून घ्या. संध्याकाळी या."

आले की सगळे! भांडायला आलेली माणसं संध्याकाळी चटई घेऊन आली. तिने बल्ब बंद केला, सगळ्यांना लांब भिंतीशी बसवलं, चहा दिला. कोणी चहाला हात लावेना. मग ते आलं. हिने हात वर केला. पोरं श्वास धरून बसली. ते फुलाला बिलगलं, गेलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा कंडक्टरने मोबाईलचा उजेड लांबून अलगद टाकला, तर त्याचं तोंड दिसलं, पिवळं माखलेलं, मोठे डोळे.

"अगं बाई!" समोरची म्हणाली. "कुत्र्याच्या पिल्लासारखं थोबाड आहे की!"

चहा प्यायले सगळे. केळी राहिल्या. रात्री जेवताना ही म्हणाली, "समोरची पक्की वाघूळ. आपल्या दारात येऊन भांडली ना. बदक असती तर मनात ठेवलं असतं आणि केळी तोडल्या असत्या मी माहेरी गेल्यावर."

मला तिचं कौतुक वाटलं. त्या दिवशी मी तिचं ताट घासलं.

मागच्या थंडीत एकदा ती म्हणाली, चला, बदकं बघायला जाऊ. एसटीने गेलो, पुढे रिक्षा. धुकं होतं. काठावर एक वाटाड्या दुर्बीण घेऊन उभा होता, त्याने बिचाऱ्याने प्रेमाने दुर्बीण पुढे केली. तिने डोळ्याला लावली आणि परत दिली. "ह्यात एकच दिसतं. मला सगळी बघायचीत."

मग लाल डोक्याचं एक जवळच्या पाण्यात दिसलं. "बघा हं, आता," ती म्हणाली. ते बुडालं. आणि हिने गाल फुगवून स्वतःचा श्वास धरला. साठी उलटलेली बाई, नऊवारी नेसलेली, काठावर गाल फुगवून उभी. लोक बघत होते. मी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. हिचा श्वास सुटला, खोकला आला, आणि बदक अजून खालीच.

"हरले."

"बदकाशी कसली शर्यत लावतेस?"

"बदकाशी नाय. तुमच्याशी."

आम्ही दगडावर बसलो. तिने डब्यातली थालीपिठं काढली. मग जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो. "तुमचा कारखाना बंद पडला तेव्हा तुम्ही घरात काय बी बोलला नाय. रोज डबा घेऊन निघायचे. मला समोरचीनं सांगितलं, की गेटला टाळं हाय. मला कळलं, पण मी विचारलं नाय. बदकानं बुडी मारली की काठावरून बोंबलू नये. तुम्ही दोन दोन वर्कशॉपात राबून आले आणि पोरीच्या फीचे पैसे डब्यात ठेवले. तेवढा दम मला नाय. मी तिसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत रडून आले असते."

मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"मला सगळं ठाऊक असतं. पण खाली काय काय बघितलं, ते वर आल्यावर सांगावं माणसानं. कुणालातरी."

मी थालीपीठ मोडलं आणि तिला अर्धं दिलं. समोर बदक वर आलं होतं. तिने बोट दाखवलं नाही. मी बघितलं हे तिने बघितलं.

तर ती केळफुलाची संध्याकाळ. वाघूळ येऊन गेलं, तिने हात खाली घेतला, आम्ही उरलेली फुलं निवडली. तिने ती ताकात भिजत घातली. जेवलो. पायाला तेल लावून दे म्हणाली, मी लावलं. तिने मला समोरचीचं नाव सांगितलं, कंडक्टरचं सांगितलं, पलीकडच्या घरातल्या दोन्ही सुनांची सांगितली. मी हूं हूं करत झोपलो.

सकाळी मला उन्हाने जाग आली. आमच्या घरात मला जाग यायची ती भांड्यांच्या आवाजाने. ती कुशीवर होती. हात लावला आणि कळलं. मशीन रात्रीत थंड पडलेलं असलं की हाताला कळतं. त्यात विचारायचं काही नसतं.

पोरीला फोन केला. जावयाने उचलला. मी सांगितलं. तो म्हणाला, "निघतो." मग मी तिच्याजवळ बसलो. देवळ्याहून यायला वेळ लागणार होता, आणि मला ठाऊक होतं की मी तसाच बसून राहीन. दार लावलेलं होतं. गल्लीत सडा पडल्याचा आवाज आला. मी गोधडी तिच्या खांद्यापर्यंत नीट केली, सदरा घातला आणि दार उघडलं.

समोरची बादली घेऊन उभी होती. मला बघून दचकली. "काय झालं हो बाबा? पाणी उडालं का?"

मी म्हटलं, "आमची ही गेली."

तिच्या हातातली बादली तिथेच राहिली. ती धावत आमच्या घरात गेली. तिचं रडणं मी बाहेरून ऐकलं. थोड्या वेळाने डोळे पुसत आली. "बाबा, तुम्ही आत बसा. मी ग्रुपवर टाकते. सगळे येतील."

"नको. मी सांगतो."

"अहो, सुतक आहे. तुम्ही कसे दारोदार फिरणार? घरच्या माणसाने फिरायचं नसतं."

"ठाऊक आहे मला. तू बस तिच्यापाशी," मी म्हटलं, आणि समोरचीचं नाव घेऊन म्हटलं.

कंडक्टरच्या घरी गेलो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "परवाच तुमच्या गुडघ्याचं तेल संपलं म्हणत होत्या, मी आणून ठेवलंय." पलीकडे गेलो. तिथली धाकटी सून म्हणाली, "बाबा, तुम्ही सकाळी चहा बिनसाखरेचा घेता ना? मी घेऊन येते, पोटात काहीतरी असू द्या." त्याच्या पुढच्या घरातल्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. त्याला माझी लेथ ठाऊक होती, माझा ताप ठाऊक होता. मी थालीपिठाच्या कडा आधी खातो हेसुद्धा. मला कुणाचं काही ठाऊक नव्हतं आणि माझं सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. एकेका दारात मला थांबावं लागत होतं. पुढे जाऊ देत नव्हते.

गल्लीच्या शेवटच्या घरात एक म्हातारी राहते, माझ्याहून थोरली. कानाने पार गेलेली. सून कामावर गेली होती, दार उघडं होतं, म्हातारी आत खाटेवर बसलेली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

"आमची ही गेली," मी म्हटलं.

"आं?"

"गेली! आमची ही!"

"कोण ही? मोठ्यानं सांग की रे!"

मागे गल्लीत माणसं जमली होती. आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेही बहिणींनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर कधी घेतलं नव्हतं. हाक मारायची वेळ आली तर मी भांडं वाजवायचो. मी छातीत दम भरला आणि तिचं नाव घेतलं, इतक्या मोठ्याने की गल्लीच्या त्या टोकाला आमच्या घरात बसलेल्या समोरचीलाही ऐकू गेलं असेल. मग म्हटलं, "मेली! आज सकाळी! माझी बायको होती ती!"

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. खाटेवर थोडी सरकली, शेजारची जागा हाताने झटकली. "ये. आत ये."

"सुतक आहे मला," मी म्हटलं.

तिला तेही ऐकू गेलं नाही. मी चपला काढल्या आणि आत गेलो.